शनिवारची अमर मंडळी आणि आउलीचं बटण

आउली हिएतारान्ताने शनिवारचा साउना, म्हणजे तळघरातलं सामायिक वाफेचं स्नान, बंद पाडला आणि त्याबद्दल तिला नोकरीवरून हाकललं, ही बातमी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या तळमजल्यावरून निघाली आणि लिफ्टच्या आधी पाचव्या मजल्यावर पोहोचली. वाटेत तिसऱ्या मजल्यावर तिला शेपूटही फुटलं: जाताना म्हणे ती रागाने साउनाच्या शेगडीवरचे दगड पिशवीत घालून घेऊन गेली. आम्ही पडलो फिनलंडातल्या साव्हो भागातली माणसं. बोलणाऱ्याने बोलून मोकळं व्हावं, जबाबदारी ऐकणाऱ्याची, हा आमचा जुना रिवाज. तरी एकदा खरं ते सांगून टाकलेलं बरं.

दगड जागच्या जागी आहेत. साउना तापतो आहे. नोकरी शाबूत आहे, निदान हे लिहीपर्यंत तरी. आउलीने केलं एवढंच की एका मोबाइल अ‍ॅपमध्ये एक नवी स्क्रीन बांधली. स्क्रीनवर सहा ओळी आणि तळाशी एक लाल बटण. तेवढ्यावरून कुओपिओमधली पाच मजल्यांची ही इमारत तीन आठवडे दुधासारखी उतू जात होती. आणि ही ती इमारत, जिथे जिन्यात कोणी भेटू नये म्हणून लोक दाराच्या भोकातून आधी बघून मग बाहेर पडतात!

आउली त्रेपन्न वर्षांची. चौथ्या मजल्यावर बापाच्या फ्लॅटमध्ये राहते. हाडापेराने मोठी, चालणं दणादणा, आणि लोकरीचे मोजे घालून कचरा टाकायला खाली जाते ते बर्फातसुद्धा. तरुणपणी एका मोठ्या फोन कंपनीत ती फोनच्या आतल्या याद्या आणि बटणं बनवायची. एका सकाळी कंपनीने सगळ्यांना सभागृहात बोलावून कॉफीबरोबर केक दिला. आउलीने केक खाल्ला नाही. "साहेब लोक कारण न सांगता केक देतात तेव्हा टेबल आवरायला घ्यावं," असं म्हणून तिने खोकं भरायला घेतलं, आणि भाषण संपायच्या आत तिचं खोकं बांधून झालं होतं. त्रेचाळिसाव्या वर्षी ती विशी-बाविशीच्या पोरापोरींत बसून नव्या फोनांचं काम पहिल्यापासून शिकली.

तिचा नवरा कधीचाच सुटला. की तीच सुटली, यावर इमारतीत दोन पक्ष आहेत. ती स्वतः म्हणते, "पाद्र्याने विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. तेव्हापासून कोणी दोनदा विचारलं तरी माझा त्या प्रश्नावर विश्वास नाही." हे वाक्य लक्षात असू द्या, कारण पुढचं भांडण याच स्वभावातून निघालं.

ती काम करते ती कंपनी अकरा माणसांची. त्यांचं अ‍ॅप 'वुओरो'. त्यावरून इमारतीतल्या लोकांना साउनाची आणि कपडे धुण्याच्या खोलीची वेळ मिळते. पूर्वी तळघरात एक वही असायची, दोरीला पेन्सिल बांधलेली. वही गेली, अ‍ॅप आलं, आणि वेळा तशाच राहिल्या. कारण आमच्याकडे साउनाची आठवड्याची वेळ म्हणजे माणसाची खरी इस्टेट. ती फ्लॅटला मिळत नाही, माणसाला मिळते. माणूस गेला किंवा घर सोडून गेला की ती रांगेतल्या पहिल्याला. रांग पवित्र. इथे बसथांब्यावर दोन माणसं असली तरी चार हात अंतर ठेवून रांग लावतात, तर साउनाच्या रांगेत घुसायची कोणाची छाती आहे?

तळमजल्यावरची हेल्ली, वय एक्याऐंशी, अकरा वर्षं शनिवारच्या रांगेत होती. त्यांतली शेवटची चार वर्षं ती पहिली होती. तिच्या नशिबी मंगळवार, दुपारी तीन. त्या वेळी आंघोळ करून बाहेर पडलं की समोर टपालातून बँकेचं पत्र येतं, घामाचं समाधान कसलं? पण शनिवारी जागा सुटतच नव्हती. कारण आमच्या इमारतीत शनिवारची वेळ असलेली माणसं अमर होती. त्यांच्या अंत्ययात्रा निघत, कॉफी होई, थडग्यावर मेणबत्ती लागे, आणि पुढल्या शनिवारी त्यांच्या खात्यावर साउना पुन्हा तापे. खातं बंद झालं तर वेळ जाणार, म्हणून कोणी खातं बंदच करत नसे. सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी बोलत नव्हतं. ज्याच्या घरात मेलेला नाही त्याला उद्या लागेल, असा तो हिशेब.

आणि खातं बंद करायचं म्हटलं तरी ते सोपं थोडंच होतं! अ‍ॅपमध्ये 'माझं खातं' असं बटण होतं. ते दाबलं की अ‍ॅप तुम्हाला उचलून बाहेर फेकायचं, इंटरनेटवरच्या एका जुन्या पानावर. तिथे पुन्हा पासवर्ड मागायचे. अक्षरं मुंगीएवढी. फोन नंबर बदलला की पान म्हणायचं, 'तुमची वेळ संपली, पुन्हा सुरुवात करा.' हेल्लीने नवा फोन घेतला तेव्हा नंबर बदलायला तिने तीन दिवस त्या पानाशी झुंज दिली आणि चौथ्या दिवशी वर जाऊन आउलीचं दार वाजवलं. इथे न कळवता दार वाजवणं म्हणजे आग लागली असं समजतात.

"आउली, हे तू बनवलंस?" हेल्लीने फोन पुढे केला.

"अ‍ॅप मी बनवलं. ते पान माझं नाही, हेल्ली. ते माझ्या आधीचं आहे."

"पोरी, घर बांधलंस आणि संडास शेजारच्या गावात ठेवलास?"

आउली साडेपाच फुटांची बाई, पण त्या वाक्याने ती दारातच दोन इंच खचली. दुसऱ्या दिवशी तिने मालकाला सांगितलं की खात्याची सगळी व्यवस्था आता अ‍ॅपच्या आत आणायची. नाव, फोन, पासवर्ड, कोणकोणत्या फोनवरून हे खातं उघडलं आहे त्याची यादी, दारावर दिसणारं नाव, रांगेतला नंबर. आणि तळाशी, 'खातं बंद करा'.

मालक इल्पो. चाळिशीचा, बारीक दाढी, बोलताना हवेत बोटांनी चौकोन काढतो. खात्यांची संख्या हा त्याचा जीव की प्राण. तो म्हणाला, "स्क्रीन कर ना, छान कर. फक्त ते शेवटचं बटण नको. असलंच तर राखाडी ठेव, खाली, खूप खाली. आणि दाबलं की चारदा विचार. नक्की का, खरंच का, का बरं जाताय, आणि मग व्यवस्थापकाला फोन करा."

"चारदा?"

"लोक घाईत चुकतात, आउली."

"लग्नात एकदाच विचारतात, इल्पो. साउना सोडताना चारदा?"

"तू प्रत्येक गोष्ट..."

"आत यायला एक बटण, तर बाहेर जायला एक बटण. तुला चार हवीत तर तू लिही."

इल्पोला प्रोग्रामची एक ओळही लिहिता येत नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं. त्याने हवेत चौकोन काढला आणि तो तिथेच सोडून निघून गेला. बटण लाल राहिलं, एकच प्रश्न विचारणारं.

आता एक गोष्ट, जी आउली कोणाला बोलली नाही, पण चौथ्या मजल्यावरच्या भिंती पातळ आहेत. काम करताना ती खोटी खाती वापरायची, मोलेर-पेलेर अशी मनात येतील ती नावं देऊन. स्क्रीन पुरी झाल्यावर एका दुपारी घरी वाटाण्याचं सूप पीत असताना तिने पहिल्यांदा ती आपल्या खऱ्या फोनवर उघडली. पहिल्याच ओळीत स्वच्छ मोठ्या अक्षरांत आलं: ताउनो हिएतारान्ता. जन्म १९३८. शनिवार, संध्याकाळी सहा.

ताउनो तिचा बाप. दोन वर्षांपूर्वी वारलेला. त्याच्या शेवटच्या वर्षात ती इथे राहायला आली. दर शनिवारी सहाला त्याला बादली, टॉवेल आणि अंगावर झोडपायची बर्च झाडाच्या पानांची जुडी घेऊन खाली न्यायची. तो वरच्या बाकावर बसायचा, ती खालच्या. तो पळीने तापल्या दगडांवर पाणी टाकायचा आणि दोघं गप्प बसायची. बापलेकीचं सगळं बोलणं त्या गप्प बसण्यातच झालं. तो गेल्यावर ती एकटी जात राहिली, त्याच्याच खात्यावर. खालच्याच बाकावर बसायची.

म्हणजे बाईंच्याही घरात एक अमर होता. स्क्रीनच्या तळाशी तिनेच बांधलेलं लाल बटण होतं. तिने फोन पालथा घातला आणि गार झालेलं सूप संपवलं.

दहा दिवसांनी स्क्रीन सगळ्यांच्या फोनवर गेली. आणि इथे आउलीची चूक झाली. साउनाच्या दारावर एक छोटी पाटी आहे, विजेवर चालणारी. तिच्यावर आज कोणाची वेळ ते दिसतं. आजवर तिथे फ्लॅटचा नंबर यायचा. आउलीने विचार केला, आता प्रत्येकाला आपलं नाव अ‍ॅपमध्ये हवं तसं लिहिता येतं, मग पाटीवर नावच येऊ दे. ज्याने काही लिहिलं नाही, त्याचं नोंदवलेलं नाव येईल. तिला वाटलं, नवी स्क्रीन आली की लोक उघडून बघतील, नाव बदलतील. लोकांनी कशाला उघडावी? आणि मेलेले तर उघडणारच नव्हते.

शनिवारी चार वाजता हेल्ली धुतलेले कपडे आणायला तळघरात गेली. साउनाच्या दारापाशी थांबली. चष्मा लावला. पाटीवर ओळीने लिहिलेलं होतं: पाच वाजता, ओन्नी सिल्व्हास्ती. सहाला, ताउनो हिएतारान्ता. सातला, इम्पी लेपिस्तो.

ओन्नीला जाऊन सहा वर्षं. इम्पीला चार. तिघांच्याही अंत्यविधीनंतरची कॉफी हेल्लीने स्वतः प्यायली होती. ती सावकाश वर आली आणि जिन्यात भेटलेल्या पहिल्या माणसाला म्हणाली, "मी उगाच अकरा वर्षं रांगेत उभी राहिले. आधी मरायला हवं होतं."

हे वाक्य अर्ध्या तासात पाच मजले चढलं.

इम्पी लेपिस्तो ही वेइयोची सासू. वेइयो रउतिआला आमच्या सोसायटीचा अध्यक्ष, गेली पंधरा वर्षं. गोल चेहरा, गळ्यात शिट्टी अडकवल्यासारखा आवाज, जिन्यात सायकल दिसली की कागद चिकटवणारा. सासूच्या वेळेला दर शनिवारी सातला हाच जात होता. वर मित्रांनाही नेत होता. त्या संध्याकाळी पाटी पाहून तो लाल झाला, साउनात न जाताच. त्याने तिथूनच इल्पोला फोन लावला. आमची इमारत 'वुओरो'चं पहिलं गिऱ्हाईक, इल्पो सगळीकडे आमचंच नाव मिरवतो. सोमवारी सकाळी इल्पोने आउलीला सांगितलं: शुक्रवारपर्यंत नावं काढ, लाल बटण काढ, नाहीतर वेइयो अ‍ॅपच बंद करतो म्हणतोय, आणि त्याच्यामागे दुसऱ्या सोसायट्याही जातील. मग तुलाही मी काय ठेवणार?

नोकरी गेल्याची अफवा इथून निघाली. शनिवार बंद झाल्याची मात्र वेइयोने स्वतः पेरली.

गुरुवारी तळघरातल्या बैठकीच्या खोलीत सभा बोलावली. दालचिनीचे पाव होते, कॉफी होती. एरवी सभेला सहा माणसं येतात, त्या दिवशी चौतीस आली आणि सगळी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. आउलीने पाव घेतला नाही.

वेइयो म्हणाला, "मंडळी, प्रश्न साधा आहे. ह्या अ‍ॅपने आपल्या माणसांची अब्रू दारावर टांगली."

"नावं उतरवते," आउली म्हणाली. "ती माझी चूक. लोकांना विचारायला हवं होतं. उद्या सकाळी पुन्हा नंबर दिसतील."

वेइयोला हे अपेक्षित नव्हतं. त्याने घसा खाकरला. "आणि ते बटण?"

"बटण राहील."

"कोणी मागितलं होतं तुझ्याकडे?"

कोपऱ्यातून हेल्ली म्हणाली, "मी."

"हेल्ली, तुम्ही फोन नंबर बदलायला गेला होतात."

"हो ना. तिथे बाहेर जायचं दारसुद्धा दिसलं नाही. घराला दार असतं, वेइयो. तुला ते लोकांच्या सायकली अडवायलाच लागतं."

हशा झाला, म्हणजे आमच्याकडे होतो तसा, नाकातून. वेइयोने हात वर केला. मग त्याचा आवाज एकदम मऊ झाला, आणि तिथेच लोकांनी ओळखलं की आता हा चावणार.

"आउली, आपण शेजारी आहोत. ताउनो माझाही मित्र. त्याची वेळ तू वापरतेस, कोणी काही म्हटलं का? मी म्हटलं? दोन वर्षं मी डोळे मिटून घेतले. तूही घे. ते बटण खाली कुठेतरी नेऊन ठेव, तुझा साहेब म्हणतो तसं. तुझा शनिवार तुला, आमचा आम्हाला. माणसाने माणसाला सांभाळून घ्यायचं असतं."

खोलीत कॉफीचं यंत्र तेवढं गुरगुरत होतं. चौतीस माणसं आपापल्या बुटांकडे बघू लागली. अर्ध्यांच्या मनात ती कधी एकदा 'बरं' म्हणते असं झालं होतं. कारण ती 'बरं' म्हणाली की सगळ्यांचेच मेलेले सुखरूप.

आउलीच्या डोळ्यांपुढे साउनातला वरचा बाक आला, आणि त्यावरून खाली आलेला एक सुरकुतलेला हात, पळी मागणारा. त्या हाताला आता फक्त शनिवारी सहाला भेटता येतं, असं तिने दोन वर्षं धरून ठेवलं होतं. आणि हा माणूस तोच हात तिला लाच म्हणून पुढे करत होता.

"मी गैर वागत होते," ती म्हणाली. "दोन वर्षं. हेल्लीच्या पुढे उभी राहून."

तिने फोन काढला. स्क्रीन उघडली. बोट तळापर्यंत नेलं. शेजारी उभ्या असलेल्यांनी माना लांब केल्या, त्यांना स्पष्ट दिसलं: बटण दाबल्यावर एकच प्रश्न आला. हे खातं कायमचं बंद करायचं? तिचा अंगठा त्यावर थांबला. किती वेळ, यावरही इमारतीत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो दोन सेकंद, दुसरा म्हणतो कॉफीचं यंत्र गुरगुरून थांबेपर्यंत.

"अगं, विचार कर," वेइयो पुटपुटला. "परत येत नाही हं ते."

"म्हणून तर एकदाच विचारलंय," आउली म्हणाली, आणि दाबलं.

कोपऱ्यात हेल्लीच्या पर्समध्ये टिंग वाजलं. तिने फोन शोधेपर्यंत रुमाल, चाव्या आणि आल्याच्या गोळ्या बाहेर पडल्या. मग चष्मा. मग तिने वाचलं, ओठ हलवत, आवाज न करता. शनिवार, संध्याकाळी सहा. ती आउलीकडे बघत राहिली आणि तिच्या तोंडून एवढंच आलं, "पोरी, मला वरच्या बाकावर चढवत नाही आता."

"खालचा जास्त चांगला आहे," आउली म्हणाली. "मला माहितीये."

पाचची वेळ वापरणारा सिल्व्हास्तींचा मुलगा दारापाशी उभा होता. त्याने कोणाकडे न बघता फोन काढला, थोडा वेळ त्यात डोकं घातलं आणि मग परत खिशात टाकला. त्याने काय केलं ते त्याने सांगितलं नाही. रांगेत दुसरी असलेल्या बाईच्या फोनवर टिंग वाजलं, त्यावरून काय ते समजलं. सभेचा ठराव झालाच नाही. पाव संपले, लोक पांगले.

शुक्रवारी पाटीवरची नावं गेली, नंबर आले. इल्पोला आउलीने लिहून पाठवलं की बटण काढणारा दुसरा कोणी शोधायचा असेल तर शोध, मी टेबल आवरून ठेवलंय. इल्पोने अजून उत्तर दिलेलं नाही. तो बहुधा चौकोन काढत बसला असावा.

शनिवारी साडेसहाच्या सुमाराला आउली कचऱ्याची पिशवी घेऊन खाली आली. लोकरीचे मोजे. तळघराच्या दारातून गरम लाकडाचा वास येत होता आणि आत हेल्ली जोरजोरात गात होती, सुरात म्हणायला जीभ धजत नाही. वेइयो टॉवेल खांद्यावर टाकून सातची वाट बघत जिन्यात बसला होता.

"काय गं," तो म्हणाला, "रांगेत कितवी आता?"

"बारावी."

"बारावी! म्हणजे पासष्टीला मिळेल, जगलीस तर. आणि कशासाठी, तर एका बटणासाठी बापालाच पुसून टाकलंस. सख्ख्या बापाला. मला नाही बाबा जमणार असलं काही. आम्ही आपल्या माणसांना असं टाकत नाही."

आउलीने पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"मी बाबांचा पासवर्ड पुसला, वेइयो, बाबा नाही. तू चार वर्षं सासूला शंभर डिग्रीत बसवून ठेवलंयस. आता तरी त्या बाईला बाहेर येऊ दे."